दिवाणखान्यातील खण : उंच व प्रशस्त दालनांच्या सजावटीविषयी

मोठे घर आणि त्यात राहणारी माणसे थोडी, अशी स्थिती आली म्हणजे घर खायला उठते, असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार वरवर पाहता एकाकीपणाविषयीचा आहे. परंतु ज्यांनी जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात, सतरा-अठरा फूट उंचीच्या सरकारी बंगल्यात अथवा गोव्यातील एखाद्या भाटकाराच्या घरातील ‘साला’त काही दिवस काढले असतील, त्यांस त्यातील वास्तुविषयक तथ्य निराळे समजावून द्यावे लागणार नाही. अशा दालनात उच्चारलेला शब्द लवकर विरत नाही. छताजवळच्या दिव्याचा उजेड पुस्तकापर्यंत येता येता क्षीण होतो. आणि भिंतींना टेकून मांडलेल्या खुर्च्यांवरील माणसे गप्पा मारीत नसून सभेत बोलत आहेत, असे वाटू लागते. पाहुण्यांस दालन सुंदर वाटते. घरची मंडळी मात्र सायंकाळी तेथे बसत नाहीत. ती स्वयंपाकघरालगतच्या लहानशा खोलीत दाटीने बसतात आणि दिवाणखान्यास कुलूप पडते. कुलूप पडलेल्या खोलीची डागडुजी कोणी वेळेवर करीत नाही, आणि डागडुजीवाचून खचलेली तुळई हे पुढे सबंध वाडा उतरवून घेण्याचे निमित्त ठरते. म्हणून मोठ्या दालनात माणसांस बसावेसे कसे वाटेल, हा प्रश्न दिसतो तितका हौसेचा नाही.

या अडचणीवर आज बहुतेक ठिकाणी एकच उपाय सुचविला जातो. तो म्हणजे जिप्समच्या तक्त्यांचे खोटे छत लटकावून दालनाची उंची नऊ-दहा फुटांवर आणणे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा उपाय खर्चाचा आहे, जुन्या लाकडी इमारतींस तो घातक आहे, आणि मुख्य म्हणजे ज्या दोषाकरिता तो योजला जातो तो दोष त्याने फारसा दूर होत नाही. दालन आपलेसे वाटणे हे त्याच्या एकंदर घनफळावर अवलंबून नसते. बसलेल्या माणसाच्या भोवती, हाताच्या व नजरेच्या टप्प्यात काय आहे, यावर ते अवलंबून असते. मोठ्या दालनाच्या पोटात लहान दालन निर्माण करणे ही यातील खरी युक्ती होय. आपल्याकडील जुन्या घरबांधणीत ती होती, याची साक्ष मराठी भाषाच देते.

घर मोजण्याचे आपले जुने माप ‘खण’ हे आहे. दोन तुळयांमधील, अथवा खांबांच्या दोन जोड्यांमधील अवकाश म्हणजे एक खण. ‘तीन खणी घर’, ‘पाच खणी माडी’ असे घराचे वर्णन केले जाई. चौरस फुटांत घर सांगण्याची रीत पुढची आहे. खणाची उत्पत्ती बांधकामाच्या गरजेतून झालेली आहे, हे उघड आहे. लाकडाला जेवढे अंतर झेपेल तेवढा खण. त्यात सौंदर्यदृष्टी शोधत बसण्याचे कारण नाही. परंतु त्याचा परिणाम मात्र असा झाला की, दिवाणखाना कितीही लांब असला तरी तो एकसंध पोकळी म्हणून डोळ्यांपुढे येत नसे. तो खणांची मालिका म्हणून दिसे, आणि बसणारा माणूस दालनात बसण्याऐवजी त्यातील एका खणात बसे.

पुण्यातील नाना वाडा किंवा विश्रामबागवाडा येथील सुरूच्या घाटाचे खांब ज्यांनी लक्षपूर्वक पाहिले आहेत, त्यांस ही योजना सहज उमगेल. खांबाचा घाट वर निमुळता होत जातो, माथ्याशी नक्षी असते आणि दोन खांबांच्या मध्ये लाकडी महिरप असते. या महिरपीची कड कडीपाटापासून बरीच खाली असते. त्यामुळे वर उंची मोकळी असूनही बसणाऱ्याच्या समोर व बाजूला एक बेताची चौकट उभी राहते. खाली जाजम, त्यावर गाद्या, पाठीशी लोड, बगलेला तक्के, अशी बैठक एकदोन खणांपुरतीच घातलेली असे. तुळयांना हंड्या टांगलेल्या असत; त्या बैठकीवर उजेड पडेल इतक्या खाली उतरवीत. विशेष प्रसंगी तुळयांखाली कापड ताणून बांधीत. जुन्या मराठीत ‘छत’ हा शब्द या कापडासही लावीत असत. आज आपण छत म्हणजे स्लॅब समजतो आणि त्यास बदलता न येणारी गोष्ट मानतो. पूर्वीचे छत सोडता-बांधता येत होते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. (सामान्य वाड्यांतील निजण्या-बसण्याच्या खोल्या ठेंगण्याच असत. येथे विचार चालू आहे तो थोरामोठ्यांच्या दिवाणखान्यांचा.)

एकोणिसाव्या शतकात बंगल्यांबरोबर आणि सार्वजनिक इमारतींबरोबर जे उंच दालन आपल्याकडे आले, ते खणाविना आले. गणेशखिंडीतील जुने गव्हर्नमेंट हाउस १८७१ मध्ये पूर्ण झाले. आज ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. त्या काळातील लहानमोठे बंगले, कचेऱ्या आणि महाविद्यालये यांच्या खोल्यांचा सांगाडा बहुधा सारखाच असतो. चार जाड भिंती, मध्ये एकही खांब नाही, वर सपाट छत, आणि छतालगत झडपांचे लहान झरोके. सभा, नृत्य अथवा मेजवानी यांकरिता हे दालन योग्य होते. तीन माणसांच्या कुटुंबाने रात्री जेवणानंतर जेथे बसावे, असे ते नव्हते. आमच्या मते आजच्या तक्रारीचे मूळ या बिनखणी दालनात आहे, उंचीत नाही.

आता डोळ्यांस प्रत्यक्ष काय दिसते याचा थोडा हिशेब करू. साडेसात मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद आणि तितकेच उंच असे एक दालन घ्या. गादीवर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून सुमारे ०.८ मीटरवर असतो. मान न उचलता वरच्या बाजूस दृष्टी पोचते ती भुवयांच्या आडकाठीमुळे क्षितिजरेषेच्या वर साधारण ५० अंशांपर्यंत. या हिशेबाने साडेपाच मीटरवरील छत त्याला दिसू लागते ते त्याच्यापासून सुमारे ४ मीटर पलीकडे. अलीकडचे छत दृष्टीस पडतच नाही. छत ३ मीटरवर आणले तर ते पावणेदोन-दोन मीटरांपासूनच दिसू लागेल. म्हणजे छत खाली आणल्याने ते नजरेत अधिक भरते. उंच दालनात खुपते ते छत नसून भिंतीचा वरचा भाग होय. समोरची भिंत ५ मीटरवर असेल, तर ३ मीटरच्या वरचा तिचा रिकामा पट्टा दृष्टिक्षेत्राचे उभे सुमारे २० अंश व्यापतो. चुन्याचा पांढरा, कोरा, कशानेही न अडलेला हा पट्टा म्हणजेच ‘खायला उठणारे’ घर.

हे ओळखून भिंतीची वाटणी करण्याची युक्ती युरोपातही जुनी आहे. इंग्लंडमध्ये १५९० ते १५९७ या काळात बांधलेल्या हार्डविक हॉल या वाड्यातील मुख्य उंच दालनात भिंतीच्या खालच्या भागावर ब्रुसेल्सचे विणलेले चित्रपट टांगलेले आहेत. त्यांवर युलिसिसची कथा आहे. त्यांच्या वरच्या बाजूस गिलाव्यात उठवून रंगविलेला अरण्याचा रुंद पट्टा आहे. त्यात मृगयादेवी डायाना आणि तिचा परिवार आहे. खालचा भाग माणसाच्या मापाचा, मऊ आणि ऊब देणारा. वरचा भाग दुरून पाहण्याचा, जणू झाडांच्या शेंड्यांचा. थंड देशात या लोकरी चित्रपटांचा दुसराही उपयोग होता. शरीराची उष्णता थंड दगडी भिंतीकडे प्रारणाने निघून जाते, आणि हवा पुरेशी तापलेली असूनही गारठा जाणवतो. मध्ये लोकरीचा पडदा आला की भिंतीचा बसणाऱ्याकडील पृष्ठभाग तितका थंड राहत नाही. व्हिक्टोरियन काळात चार्ल्स ईस्टलेक यांच्या १८६८ मधील गृहसजावटीवरील ग्रंथानंतर भिंतीचे आडवे भाग पाडण्याची पद्धत मध्यमवर्गीय घरांतही फैलावली.

आपल्याकडे याचे सोपे रूप असे. दारांच्या माथ्याच्या रेषेत, म्हणजे सात-आठ फुटांवर, चारही भिंतींवरून लाकडाची एक अरुंद पट्टी फिरवावी. जे ठेवायचे, टांगायचे, रंगवायचे ते सर्व त्या पट्टीच्या खाली असावे. पुस्तकांची कपाटेही तिच्यापर्यंतच न्यावीत, कारण अर्धवट उंचीवर तुटलेली निरनिराळी फर्निचरे भिंतीस अधिकच उंच करतात. पट्टीच्या वरचा भाग आणि छत एकाच रंगात घ्यावे. तो रंग शुभ्र नसावा. जर्मनीतील माइन्झ येथील ओबरफेल्ड, हेश्ट व गामर यांनी २०१० मध्ये या बाबतीत केलेले प्रयोग उद्‌बोधक आहेत. छत जितके फिके तितके ते उंच वाटते, हा समज त्यांत खरा ठरला; परंतु भिंती फिक्या असल्या तरीही खोली उंच वाटते, आणि छत व भिंत यांच्यातील विरोधाला, सजावटकार मानतात तसे विशेष महत्त्व नाही, असेही दिसून आले. जमिनीच्या रंगाचा उंचीच्या भासावर परिणाम आढळला नाही. यावरून छतासच काळपट करून भिंती पांढऱ्या ठेवण्याची फॅशन अर्धाच गुण देईल, असे अनुमान निघते. गडद रंग उजेड गिळतो, ही त्याची किंमत लक्षात घेऊन मध्यम छटा निवडावी. मूळ सागवानी कडीपाट असेल तर त्यास मात्र रंगच लावू नये. तो आधीच पुरेसा गडद असतो, आणि तैलरंगाखाली लाकडाची कीड लवकर कळत नाही.

जाता जाता एका जुन्या रीतीविषयी. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. त्यानंतर त्यांच्या तसबिरी घरोघर पोचल्या. दिवाणखान्यात या तसबिरी वरच्या कडेला दोरी बांधून पुढे झुकवून लावीत. ही पद्धत जुनाट म्हणून नाहीशी झाली. नाहीशी होण्याचे कारण नव्हते. पुढे झुकलेली तसबीर जमिनीवर बसणाऱ्याच्या नजरेस सामोरी येते, काचेत खिडकीचे प्रतिबिंब पडत नाही, आणि भिंतीच्या सरळ उभ्या रेषेस एक उतार मिळून ती भिंत बसणाऱ्याकडे कललेली भासते.

डोळ्यापेक्षाही कानाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. परंतु सजावटीच्या पुस्तकांत त्यास क्वचितच जागा मिळते. या विषयाचा शास्त्रीय अभ्यास ज्या प्रसंगातून सुरू झाला तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयातील नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द कळेनासा झाला, तेव्हा तो दोष शोधण्याचे काम वॉलेस क्लेमेंट सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आले. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या उशा रात्री वाहून आणायच्या, एक ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची, आणि नाद ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ घड्याळाने मोजायचा, असा त्यांचा क्रम होता. रिकाम्या व्याख्यानगृहात हा अनुनाद साडेपाच सेकंदांहून अधिक टिकत असे. जितक्या उशा अधिक तितका तो कमी होई. त्यातून जे सूत्र निघाले ते असे : दालनाचे घनफळ घनमीटरांत घेऊन त्यास ०.१६१ ने गुणावे आणि दालनातील एकंदर शोषणाने भागावे. येणारा आकडा म्हणजे अनुनादकाल सेकंदांत. शोषण मोजताना प्रत्येक पृष्ठभागाच्या चौरस मीटरांस त्याच्या शोषणांकाने गुणायचे. उघड्या खिडकीचा शोषणांक एक धरतात, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

हे सूत्र आपल्या दालनास लावून पाहू. घनफळ सुमारे २२७ घनमीटर, सर्व पृष्ठभाग मिळून सुमारे २२५ चौरस मीटर. चुन्याचा गिलावा व फरशी यांचा शोषणांक सरासरी ०.०३ धरला आणि दारे-खिडक्या बंद आहेत असे मानले, तर एकूण शोषण ६.८ येते आणि अनुनादकाल ५.४ सेकंद. सॅबिन यांच्या बदनाम व्याख्यानगृहाच्या जवळपासच आपण जाऊन पोचतो. आता ३ मीटरवर खोटे छत घालू. घनफळ १२४ घनमीटरांवर येते, परंतु भिंतींचा पृष्ठभागही त्याबरोबर घटतो. त्यामुळे अनुनादकाल उतरतो तो ४.१ सेकंदांपर्यंतच. जिप्समचा पातळ तक्ता खालच्या पट्टीतील आवाज थोडा अधिक शोषतो, हे जमेस धरले तरी साडेतीन सेकंदांच्या फारसे खाली जाता येत नाही. उंची निम्म्याच्या जवळपास गेली आणि दोष पाऊण शिल्लक राहिला. याउलट छतास हात न लावता त्याच दालनात २० चौरस मीटर जाड गालिचा, १० चौरस मीटर गाद्या व लोड, आणि १४ चौरस मीटर चुणीदार जाड पडदे आणले, व पाच माणसे बसली असे समजले, तर शोषण २५ च्या वर जाऊन अनुनादकाल सुमारे १.४ सेकंद होतो. हे सूत्र सर्व दिशांनी आवाज सारखा पसरतो असे गृहीत धरते. मऊ वस्तू एकाच बाजूस असतील तर हिशेब थोडा चुकतो. पण १.४ आणि ४.१ यांतील अंतर इतके मोठे आहे की निष्कर्ष बदलत नाही. कापूस, लोकर आणि माणसे यांनी जे साधते ते जिप्समने साधत नाही. दिवाणखान्यातील गाद्या, लोड, जाजमे आणि बिछायत यांना आपण ऐश्वर्याचे प्रदर्शन समजत आलो. ती दालन बोलण्याजोगे करण्याची साधने होती, हे सॅबिन यांच्या सूत्रामुळे स्पष्ट होते.

प्रकाशाविषयी फार लिहावयास नको, कारण येथे अंकगणित अगदी सरळ आहे. लहान दिव्याचा थेट प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. मांडीवरील पुस्तक जमिनीपासून ०.७ मीटरवर असेल आणि दिवा ५.२ मीटरवर, तर अंतर साडेचार मीटर. तोच दिवा २.२ मीटरवर उतरवला तर दीड मीटर. पुस्तकावर नऊपट उजेड पडतो आणि विजेचे बिल तेच राहते. क्रिस्टोफर अलेक्झांडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात दालन सर्वत्र सारखे उजळण्यापेक्षा उजेडाची लहान लहान तळी करावीत, असा आग्रह धरला आहे. समई ज्यांनी पाहिली आहे त्यांस या सूत्राचे नावीन्य वाटणार नाही. उजेडाच्या तळ्याबाहेरचा अंधार छतास आपोआप दूर सारतो. रात्रीपुरता तरी दालनाचा वरचा अर्धा भाग नाहीसा होतो, आणि त्यास एक पैसाही लागत नाही. दिव्याच्या रंगाविषयी क्रुइथॉफ यांनी १९४१ मध्ये मांडलेला नियम सर्वत्र उद्‌धृत होतो. मंद उजेड पिवळसर असावा आणि प्रखर उजेड निळसर, असे त्याचे सार. पुढील प्रयोगांतून त्याच्या काटेकोर सीमांस पुष्टी मिळालेली नाही. तरीही २७०० केल्विनच्या आसपासचा पिवळसर दिवा बैठकीवर आणि ६५०० केल्विनची पांढरी नळी छतालगत, यांतील फरक अनुभवण्यास प्रयोगशाळेची गरज नाही.

‘कोझी’ या इंग्रजी शब्दास मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता, यावर विद्यार्थ्यांत नेहमी चर्चा होते. ‘उबदार’ हा शब्द रूढ होत आहे. परंतु जी ऊब पौषात हवीशी वाटते तीच वैशाखात उकाडा होते, आणि आपल्या देशात वर्षाचा मोठा भाग उकाड्याचा आहे. आमच्या मते ‘आडोसा’ हा शब्द येथे अधिक उपयोगी पडेल. आडोसा थंडीत वाऱ्याला असतो, उन्हाळ्यात उन्हाला असतो, आणि बारा महिने लोकांच्या नजरेला असतो. इंग्रज भूगोलज्ञ जे अॅपलटन यांनी १९७५ मध्ये निसर्गदृश्यांच्या संदर्भात असे मांडले की, ज्या जागेवरून दूरवर पाहता येते पण स्वतःस मात्र लपता येते, ती जागा माणसास स्वभावतः आवडते. त्यांची ही उपपत्ती सिद्ध झाली आहे असे म्हणणे धाडसाचे होईल, तरी दालनांस ती लावून पाहण्यास हरकत नाही. उंच दालनात दूरवर पाहण्याचे सुख भरपूर असते. उणीव असते ती पाठीशी आणि माथ्यावर काही असण्याची. अमेरिकेतील मायर्स-लेव्ही आणि झू यांनी २००७ मध्ये आठ व दहा फुटी छतांखाली केलेल्या प्रयोगांत उंच छताखाली मोकळेपणाच्या आणि ठेंगण्या छताखाली बंदिस्तपणाच्या कल्पना मनात अधिक सहज जाग्या होतात, असे दिसले. तेव्हा उंची ही उपद्रवच असते असे नाही. ती राखावी आणि तिच्या पोटात आडोसा करावा.

माथ्यावरील आडोशाची उदाहरणे पुष्कळ आहेत. युरोपातील चार खांबी, पडदे लावलेला पलंग ही वस्तुतः खोलीतील खोलीच असते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेला वेअरचा प्रसिद्ध पलंग १५९० च्या सुमाराचा असून तो तीन मीटरांहून अधिक रुंद आहे. आपल्याकडे देवावर मेघडंबरी असते, पाळण्यावर चांदवा असतो, मच्छरदाणीच्या पलंगास दांड्या असतात. बैठकीवर सुमारे आठ फुटांवर, चार कोपऱ्यांत दोऱ्या बांधून सैलसर चांदवा धरला तर एका दुपारच्या कामात खण निर्माण होतो. त्यास खादीचे जाडसर कापड पुरते. दिवा त्यापासून हातभर दूर ठेवावा, आणि पंखा त्याच्या वर न येता बाजूला असावा. कापड दिवाळीच्या साफसफाईला उतरवून धुता येते, हा त्याचा गुण गृहिणींस अधिक पटेल. झोपाळा हाही असाच एक खण होय. त्याच्या चार कड्या उंच दालनाच्या मधोमध उभ्या रेषा आखतात आणि बसणाऱ्यास आपली अशी चौकट देतात. ठेंगण्या खोलीत त्याचे झोके आखूड व ओढल्यासारखे होतात, तर उंच छताखाली ते लांब आणि संथ होतात.

पाठीशी आडोसा मिळावा म्हणून लोक आसने भिंतीस टेकवतात, आणि नेमके तेथेच चुकतात. साडेसात मीटरांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींना टेकलेली माणसे एकमेकांपासून सहा-सात मीटरांवर बसतात. एडवर्ड हॉल यांच्या १९६६ मधील वर्गीकरणात परिचितांच्या संभाषणाचे अंतर १.२ ते ३.६ मीटर आहे. त्यापलीकडे सार्वजनिक भाषणाचे अंतर सुरू होते. ही मापे अमेरिकेतील लोकांच्या निरीक्षणावरून घेतलेली आहेत, आणि आपल्याकडे ती बहुधा आणखी कमी निघतील. आसने भिंतीपासून काढून गालिच्याच्या कडेने मांडावीत आणि पाठीशी उंच पाठीचा बाक, पुस्तकांचे बुटके कपाट किंवा लाकडी जाळीचा पडदा ठेवावा. उरलेली जागा रिकामी ठेवण्यास भिऊ नये. मोठी खोली भरून काढण्यासाठी वस्तू वाढवीत जाणे हा श्रीमंत घरांतील नेहमीचा रोग आहे. त्यामुळे दालन भांडारासारखे दिसू लागते आणि बसण्याची जागा होती तितकीच राहते.

आता खोट्या छताविषयी राहिलेले सांगितले पाहिजे. त्याच्या बाजूने एक युक्तिवाद खरा आहे. जेथे वातानुकूलन यंत्र रोज तासन्‌तास चालवायचे असते, तेथे थंड करावयाची हवा कमी असणे हिताचे असते. राष्ट्रीय इमारत संहितेनेही राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर धरली असून वातानुकूलित खोलीस २.४ मीटरची मुभा दिली आहे. नव्या काँक्रीटच्या इमारतीतील दुमजली उंचीच्या बैठकीत कोणी खोटे छत घातले, तर फार तर पैसा जाईल. उंच छतामुळे खोली आपोआप पुष्कळ थंड राहते, हा लोकसमजही अतिशयोक्त आहे. गरम हवा वर साठते हे खरे. पण छताचा पंखा चालू झाला की हवेचे थर मिसळतात आणि तो लाभ बराचसा जातो. लाभ टिकतो तो छतालगतचे झरोके उघडे असतील तर, कारण वर साठलेली हवा त्यांतून बाहेर पडते आणि खालच्या खिडक्यांतून नवी हवा ओढली जाते. खोटे छत नेमके हेच झरोके बंद करते.

जुन्या लाकडी इमारतींच्या बाबतीत मात्र हानी याहून गंभीर आहे. कडीपाट उघडा असतो तोवर पावसाळ्यात गळतीचा पहिला डाग दिसतो, वाळवीची मातीची नळी दिसते, तुळईस गेलेली भेग दिसते. खोटे छत घातले की हे सर्व तक्त्याआड जाते. वरची हवा कोंडते, लाकडातील ओल सुकत नाही, उंदरांस आणि वाळवीस निर्वेध जागा मिळते. आणि जे कळते ते बहुधा तक्ता फुगून खाली आल्यावर कळते. तोपर्यंत पाच-सहा पावसाळे गेलेले असतात. शिवाय छत टांगण्यासाठी तुळयांत ठिकठिकाणी खिळे व मेखा मारल्या जातात, त्यांचे व्रण पुन्हा भरून येत नाहीत. दिवाणखाना वापरात आणण्यासाठी केलेला उपाय दिवाणखान्याच्याच जिवावर उठतो, असे हे आहे. त्यापेक्षा पंखा लांब नळीने जमिनीपासून अडीच-पावणेतीन मीटरांवर उतरवावा, दोन दिवे खाली आणावेत, चांगले जाजम घालावे आणि एक पावसाळा वाट पाहावी. गुण न आल्यास ही सर्व सामग्री दुसऱ्या खोलीत उपयोगी पडते.

सामग्री टांगण्याकरिता नवे खिळे मारण्यापूर्वी तुळया नीट पाहाव्यात. बहुतेक जुन्या दिवाणखान्यांत हंड्यांसाठी, झोपाळ्यासाठी आणि छताच्या कापडासाठी लावलेल्या लोखंडी कड्या अद्याप जागच्या जागी असतात. चुन्याचे हात बसून त्या दिसेनाशा झालेल्या असतात इतकेच. सुताराकडून त्यांची आणि भोवतालच्या लाकडाची परीक्षा करून घ्यावी. झोपाळ्याची कडी असल्यास वजन लावून पाहावे. या कड्यांच्या जागा आराखड्यावर मांडल्या की पूर्वीची बैठक कोणत्या खणात घातली जात होती, याचा बराचसा उलगडा होतो.